आधी तुम्ही घ्या, बुवा

फोन मीच केला होता.

"नमस्कार, नाशिकच्या लॅबमधून बोलतेय. प्रियंकाताईंची तब्येत कशी आहे आता?"

"मेली," पलीकडून बाईचा आवाज आला. "तू कोण?"

असे फोन करायचं काम आमच्या लॅबमध्ये माझ्याच गळ्यात पडलंय. पेशंट बरा आहे का, दुखणं उलटलं का, औषध कुठलं चालू आहे, एवढं विचारायचं आणि लिहून ठेवायचं. पेशंट गेला असं कळलं की दोन शब्द बोलून फोन ठेवायचा. पण हा आवाज असा होता की मला ठेवताच येईना. मी सांगितलं की मी ज्योत्स्ना, ऑपरेशनच्या वेळी ताईंनी सही करून गाठीचा तुकडा अभ्यासाला दिला होता, त्यासाठी विचारतेय.

"मग काय केलं त्या तुकड्याचं?"

"तो आहे ना आमच्याकडे. वाढवलाय आम्ही."

मग ती बाई अहिराणीत बोलली, अगदी हळू. "मन्ही पोर गयी, आनि ती गाठ जित्ती शे?"

आणि फोन कट.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या दारात हजर. सटाण्याच्या एसटीनं आली होती. सुती पातळ, पायात प्लॅस्टिकच्या चपला, बोटं कांद्याच्या सालीनं काळी पडलेली. वॉचमननं विचारलं कोणाला भेटायचंय, तर म्हणाली, "माझ्या पोरीच्या गाठीला." तो बिचारा माझ्याकडे धावत आला. म्हणाला, मॅडम, एक बाई आलीय, डोक्यानं बरी वाटत नाही. मी म्हटलं, तुझ्यापेक्षा बरी आहे, पाठव आत.

ही बायडाबाई. नामपूरला कांद्याच्या एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडते. मोठा वेगळा, बारीक गोल्टी वेगळी, सडका वेगळा. उभा जन्म तिनं हेच केलं. नवरा कामाला म्हणून सुरतेला गेला आणि तिकडेच त्यानं दुसरं घर केलं, तेव्हा पिंकी रांगत होती. हॉस्पिटलच्या कागदावर प्रियंका, घरी पिंकी. ही पोर खळ्यावर गोण्यांच्या थप्पीवर बसून पाढे पाठ करायची. बी.ए. झाली, अंगणवाडीत लागली, देवळ्याच्या सनीशी लग्न झालं. सनीची पिकअप गाडी आहे. जावई वाईट नाही, असं बायडाबाईच म्हणते, फक्त त्याला आईपुढे तोंड नाही.

आणि बायडाबाईचा स्वभाव? तो मला नंतर तिच्या खळ्यावरच्या बायकांनी सांगितला. एकदा तिथल्या मुकादमानं सगळ्यांसमोर तिच्या पिशवीची झडती घेतली, तू कांदे चोरतेस म्हणून. निघालं काहीच नाही. ही एक शब्द बोलली नाही, पदर खोचला आणि परत कामाला बसली. पुढच्या वर्षी त्याच मुकादमाच्या मुलीचं लग्न निघालं. आमच्याकडे लग्नाच्या पोळ्या लाटायला गल्लीतल्या, कामावरच्या बायका जातात, बोलवायचीसुद्धा गरज नसते. त्या दिवशी एकही बाई गेली नाही. वऱ्हाड पंगतीला बसलं आणि आत पोळी नाही. मुकादम हात जोडत बायडाबाईच्या दारात आला तेव्हा ती म्हणाली, "माझी पिशवी आतमध्ये शे. पुन्हा बघायची का?"

अशी बाई. भांडत नाही, थांबते.

तर तिला मी आत नेलं. खरं म्हणजे नातेवाइकांना आत न्यायची पद्धत नाही, पण आमचे महेश सर त्या दिवशी सकाळपासून मीटिंगमध्ये होते आणि मला तरी नाही म्हणवेना. गाऊन घातला, डोक्याला टोपी घातली, खुर्चीवर बसवलं. समजावून सांगितलं. मावशी, ऑपरेशनमध्ये जी गाठ काढली तिचा नखाएवढा तुकडा आम्ही घेतो. बारीक करतो, चिकासारख्या एका पदार्थात थेंब थेंब लावतो, वरून त्याला खायला गुलाबी पाणी घालतो, अंगाएवढ्या उबेत कपाटात ठेवतो. काही दिवसांनी त्याचे बारीक बारीक गोळे तयार होतात. जशी पोटात गाठ होती तशीच ही वागते. याला ऑर्गनॉइड म्हणतात. आम्ही आपसांत गोळेच म्हणतो.

तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"आडवा कापलेला कांदा दिसतोय," ती म्हणाली.

"हो, तसेच पापुद्रे दिसतात."

"ही? एवढीशी?"

"उघड्या डोळ्यांनी तर दिसतसुद्धा नाही, मावशी. ही खूप मोठी करून दाखवलीय."

तिनं डोळा काढला. चेहऱ्यावर रडणं नव्हतं. खरं सांगते, रडणं असतं तर मला बरं वाटलं असतं. "मार तिला," ती म्हणाली. "आत्ता. माझ्यासमोर."

मी म्हटलं, मावशी, आम्ही तेच करतो. वेगवेगळी औषधं घालतो आणि कशानं मरते ते बघतो. सगळी मारत नाही, थोडी बाजूला ठेवतो, ती पुन्हा वाढवतो, तिच्यावर दुसरं औषध. तिनं माझ्याकडे रोखून बघितलं.

"म्हणजे परत परत मारता?"

"हो."

"मग ठेवा जित्ती. एकदाच मरून सुटली तर काय फायदा?"

मला हसूच आलं. मग ती हसत नाही हे दिसलं आणि माझं हसू जागच्या जागी राहिलं.

त्यानंतर बायडाबाई येतच राहिली. खळं बंद असेल तेव्हा. आली की बाहेरच्या बाकावर बसायची आणि मी दिसले की एकच प्रश्न. "आज मेली का?" मी फोनवर फोटो दाखवायचे. औषध घालण्याआधी गोल, तुकतुकीत. घातल्यानंतर काळपट, फुटलेली, कडा विरलेल्या. ती बोट लावून बघायची आणि म्हणायची, "हं. अजून." महेश सरांना पहिल्यांदा हे आवडलं नाही. हा काय तमाशा आहे ज्योत्स्ना, म्हणाले. मी म्हटलं, सर, तिच्या मुलीच्या शरीराचं आहे, तुम्ही आम्ही कोण अडवणारे? सरांनी मग अडवलं नाही. माणूस चांगला आहे, फक्त नियम म्हटलं की अंगात येतं त्यांच्या.

जयरामबुवाचं नाव मला कळलं ते असंच बाकावर.

पिंकीचं ऑपरेशन झालं, मग डॉक्टरांनी केमोथेरपी सुरू केली. पहिल्याच डोसनंतर पोर उलट्यांनी आडवी झाली. सासू म्हणाली, हे औषध नाही, मरण आहे. देवळ्याच्या पुढे एका मळ्यात जयरामबुवा बसतो. गाठीवर पुडी देतो. दर अमावास्येला त्याच्या ओट्यासमोर रांग लागते, कारण इकडे अमावास्येला पूर्वापार कांद्याचे लिलाव बंद असायचे, शेतकरी मोकळा, मजूर मोकळा. सासूनं पिंकीला तिथं नेलं. बुवाची एकच अट होती. सलाईनचं औषध पूर्ण बंद, तरच माझी पुडी.

"मी म्हटलं व्हतं नको," बायडाबाई म्हणाली. "सासूच्या पाया पडले. ती म्हणे तुम्हाला काय कळतं, तुम्ही कांदा निवडा."

पिंकी पुड्या घेत राहिली. सकाळ, दुपार, संध्याकाळ. सुरुवातीला वाटलं पोर तरतरीत झाली. मग हातापायांना मुंग्या. तळहात खरखरीत झाले, अंगावर काळे ठिपके आले. बुवाला सांगितलं तर म्हणाला, गाठीचं विष बाहेर पडतंय, सहन करा. ती सहन करत राहिली. शेवटी नामपूरला आईकडे आली, आईच्या मांडीवर गेली.

हे सांगताना बायडाबाईनं पिशवीतून एक डबी काढली. आत कागदाच्या पुड्या. "राहिलेल्या शेत," ती म्हणाली. "हे टाक तिच्यावर. बघू दे मला, ह्यानं ती मरते का."

महेश सरांनी साफ नकार दिला. आपण असल्या भानगडीत पडत नाही. मग मी त्यांना तळहातांचं सांगितलं, काळ्या ठिपक्यांचं सांगितलं. सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "करा. पण यावरून कुठलाही रिपोर्ट मिळणार नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा. हे संशोधन आहे, तपासणी नाही." आणि एक पुडी त्यांनी स्वतः पाकिटात घालून दुसऱ्या लॅबकडे पाठवली, आत काय काय आहे ते बघायला.

आता इथे एक गोष्ट सांगायला पाहिजे. ऑपरेशनच्या वेळी आम्ही फक्त गाठ घेत नाही. तिच्या शेजारचा चांगल्या आतड्याचा तुकडासुद्धा घेतो, आणि त्याचेही गोळे वाढवतो. कारण गाठीला मारणारं औषध हवं, पण माणसाला मारणारं नको. तर पिंकीची गाठ एका बाजूला, पिंकीचं चांगलं आतडं दुसऱ्या बाजूला. दोघांवर मी बुवाची पावडर पाण्यात विरघळवून घातली. कुठे दाट, कुठे पातळ, कुठे अगदी पातळ. आणि तिसऱ्या रांगेत, गाठीवरच, डॉक्टरांनी पिंकीला दिलेलं तेच औषध, जे तिनं एकदा घेऊन सोडलं होतं.

निकाल बघायला बायडाबाईला बोलावलं. सर स्वतः थांबले.

पहिल्यांदा मी तिला दाट पावडर घातलेली दाखवली. सगळंच मेलेलं. गाठही मेली, चांगलंही मेलं. बायडाबाईचा चेहरा उतरला. "म्हणजे बुवाच्या पुडीनं गाठ मरते?"

मला असा संताप आला! "मावशी, फिनेल टाकलं तरी मरते. चुलीत टाकली तरी मरते. पुढचं बघा."

पातळ पावडर. पोटात गेल्यावर रक्तात जेवढी पोचू शकेल साधारण तेवढी. तिथं चांगल्या आतड्याचे गोळे काळे पडलेले, विस्कटलेले. आणि गाठ? गाठ तुकतुकीत. तशीच्या तशी. वाढलेलीसुद्धा.

मग तिसरी रांग. डॉक्टरांचं औषध. गाठीचा भुगा झाला होता.

बायडाबाईनं तीन वेळा मागेपुढे बघितलं. मग सरांकडे वळली. "म्हणजे ती वाचली असती?"

"तसं सांगता येत नाही, मावशी," सर म्हणाले. "डिशमध्ये होतं ते शरीरात होईलच असं नाही."

"डॉक्टर, मी अडाणी शे, लहान नाही. खरं सांगा."

सरांनी खाली बघितलं. "शक्यता चांगली होती."

ती खुर्चीवर बसून राहिली. मी पाणी आणलं, ते तिनं घेतलं नाही. मग एकदम म्हणाली, "त्यानं माझ्या पोरीतलं चांगलं तेवढं मारलं. आणि गाठ राखली."

मला रडू आवरेना. मी बाहेर जाऊन तोंड धुऊन आले.

दुसऱ्या लॅबचं उत्तर आलं. पावडरीत सोमल होता. ज्याला सर आर्सेनिक म्हणतात तो. गावाकडे म्हाताऱ्या माणसांना हा शब्द बरोबर माहीत आहे, उंदीर मारायला आणि नको त्या माणसाला मारायला सोमल घालायचे. सर म्हणाले, आता रीतसर अर्ज करू, मी सही देतो, चौकशी लागेल. बायडाबाईनं मान हलवली.

"करा तुम्ही अर्ज. अर्जानं त्याचं दुकान बंद होईल का नाही मला माहीत नाही. पण माझं काळीज थंड होत नाही त्यानं."

"मग काय करणार तुम्ही?" मी विचारलं.

"त्याला माहीत शे का नाही, ते बघणार."

मला कळलं नाही. ती समजावत म्हणाली, "पोरी, दोनच गोष्टी. एक तर तो माझ्यासारखा अडाणी, कुणीतरी दिलेली पावडर वाटतो. नाही तर त्याला माहीत शे आत काय शे. अडाणी असेल तर मी त्याला सोडेन. माहीत असेल तर त्याच्याच तोंडानं सगळ्यांसमोर वदवीन."

"आणि नाही बोलला तर?"

"तर खाईल."

आणि मग तिनं काय केलं ऐका. मला वाटलं होतं ती नामपूरच्या बाजारात उभी राहून बुवाच्या नावानं बोटं मोडेल. नाही. तिनं बुवाचं कौतुक सुरू केलं! खळ्यावर, पाण्याच्या टाकीवर, ट्रॅक्टर घेऊन आलेल्या शेतकऱ्यांच्या बायकांजवळ. बुवाच्या पुडीत गुण आहे बरं का. पण बुवानं आधी स्वतः तोंडाला लावलेली पाहिजे. त्यांची उष्टी पुडी लागू पडते. माझ्या पोरीला हातची मिळाली, तोंडची नाही मिळाली, म्हणून गेली बिचारी. खळ्यावरच्या बायका हे पदराला बांधून घरोघरी घेऊन गेल्या. कांद्याच्या बाजारात शब्द टाकला की तो कळवणपासून मालेगावपर्यंत जातो, त्याला वेगळी जाहिरात लागत नाही.

मला हे फोनवर कळलं तेव्हा मी भडकले. "मावशी, अहो तुम्ही लोकांना त्याच्याकडे पाठवताय! विष आहे म्हणून सांगा ना सरळ!"

"सांगितलं होतं मी पिंकीच्या सासूला. ऐकलं? मी विष म्हटलं की मलाच वेडी म्हणतील. पोरगी गेली म्हणून डोकं फिरलं म्हणतील." मग म्हणाली, "तू ये अमावास्येला. आणि दवाखान्याचा नंबर जवळ ठेव."

मी रजा टाकली. सरांना खरं कारण सांगितलं. ते नको म्हणतील म्हणून मी तयारच होते भांडायला, पण ते म्हणाले, "लॅबचं नाव घेऊ नका. आणि मला दुपारी फोन करा." म्हणून तर म्हणते, माणूस चांगला आहे.

मळ्यात गाड्यांची ही रांग. पिकअप, जीप, रिक्षा. चिंचेखाली बायका डबे उघडून बसलेल्या. ओट्यावर खाट, खाटेवर जयरामबुवा. मी मनात दाढीवाला, भस्म फासलेला भोंदू धरून गेले होते. हा तर स्वच्छ पांढरा सदरा, सोनेरी काडीचा चष्मा, मृदू बोलणं. प्रत्येकाची विचारपूस करत होता, म्हाताऱ्यांना "बाबा" म्हणत होता. शेजारी स्टीलचा मोठा डबा. त्यातून चमच्यानं पावडर काढायची, कागदात बांधायची, कपाळाला लावून द्यायची.

रांगेत पुढे बायडाबाई. तिच्या मागे खळ्यावरच्या चार-पाच बायका. आणखी काही ओट्याच्या मागच्या बाजूला मोरीजवळ जाऊन बसल्या होत्या, का ते मला मग कळलं.

बायडाबाईची पाळी आली. ती बुवाच्या पायावर पडली! डोकं टेकवून, पाय धरून. "बुवा," ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "माझ्या पोटात गाठ शे. तुमचा गुण मला ठाऊक शे. पण मला उष्टी द्या. आधी तुम्ही घ्या, बुवा."

बुवा हसला. त्याला बरं वाटलं असणार, माणूसच आहे. बोटाच्या टोकाला पावडर लावून जिभेवर टेकवली आणि पुडी तिच्या हातात ठेवली. बायडाबाईनं ती डोळ्यांना लावली, बाजूला झाली, पण गेली नाही. ओट्याच्या कडेला खांबाला टेकून बसली.

मागची बाई. "आधी तुम्ही घ्या, बुवा." तिच्या मागची. "आधी तुम्ही." मग कळवणचा एक म्हातारा, बायकोला घेऊन आलेला, त्याचा आणि बायडाबाईचा काही संबंध नाही. तोही हात जोडून म्हणाला, "आम्हालाबी तोंडचीच द्या महाराज. हातची लागू पडत नाही म्हणतात."

"बाबा, माझा हात लागला म्हणजे झालं," बुवा म्हणाला.

"नाही महाराज. लांबून आलोय."

बुवानं परत बोट जिभेला लावलं. बायडाबाई खांबाजवळून म्हणाली, "बुवा, आम्ही पुडी घेतो तशी घ्या ना. चिमटीनं कुठं गुण येतो?" आणि रांगेतून आवाज आला, हो, बरोबर आहे. हा आवाज आमच्यापैकी कुणाचा नव्हता. लोकांनी पद्धत पाडली होती, एका सकाळीत. आणि आपल्याकडे एकदा पद्धत पडली की देवालासुद्धा ती मोडता येत नाही.

बुवा पाणी प्यायला म्हणून उठून मागे गेला. मोरीजवळ खळ्यावरच्या बायका तांब्या भरून उभ्याच होत्या. "बुवा, इथंच प्या ना." त्याला थुंकायला जागा मिळेना. परत येऊन बसला. म्हणाला, आज माझा उपवास आहे. तर म्हातारा म्हणाला, औषधाला उपवास नसतो, तुम्हीच सांगता. म्हणाला, उद्या या सगळे. तर लोक चिडले. गाडी करून आलोय, पेशंट घेऊन आलोय, उद्या काय? बुवाच्या सदऱ्याची पाठ भिजलेली मला दिसत होती.

आणि मला तेव्हाच कळलं. त्याला माहीत होतं. अडाणी माणूस आपली पावडर अशी घाबरून चाखत नाही. मी बायडाबाईकडे बघितलं. तिलाही कळलं होतं. तिचा तो चेहरा मला परत कधी दिसू नये.

पुढची पाळी एका मुलीची. छाया नाव तिचं, पिंकीच्याच वयाची असेल, डोक्याला स्कार्फ. बरोबर तिची आई. ह्यांचा दुसरा महिना चालू होता पुड्यांचा. आईनं पुडी उघडून सगळी पावडर स्वतःच्या तळहातावर घेतली आणि बुवाच्या तोंडापाशी धरली. अगदी श्रद्धेनं. "आधी तुम्ही घ्या, बुवा. पूर्ण घ्या. पोरीला बरं वाटू दे."

बुवानं तिचा हात झटकला. पावडर ओट्यावर सांडली.

बायडाबाई उठली. खाली बसून तिनं ती पावडर दोन्ही हातांनी गोळा केली, मातीसकट, आणि उभी राहून ओंजळ त्याच्या तोंडाशी नेली. आता ती पूर्ण अहिराणीवर आली होती. "खाय."

"बाई, बाजूला हो."

"खाय. मन्ही पिंकीले दिनमा तीनदा देत व्हता. तू एकदा खाय."

"कोण पिंकी?" बुवा म्हणाला.

खोटं नव्हतं ते. त्याला खरंच आठवत नव्हतं. मी त्याच्या चष्म्याआडच्या डोळ्यांत बघितलं आणि तिथं पिंकी नव्हती, कुणीच नव्हतं. माझ्या हाताला काहीतरी सापडलं असतं तर मीच घातलं असतं त्याच्या डोक्यात.

बायडाबाईनं डाव्या हातानं त्याची मान धरली. तिच्या हाताला उभ्या जन्माचं काम आहे, त्या मऊ माणसाला तो हात सोडवता आला नाही. उजव्या हातातली पावडर त्याच्या ओठांना लागली. लोक ओरडत होते, कुणी म्हणत होतं सोडा त्यांना, कुणी म्हणत होतं घ्या ना महाराज, काय होतंय एवढं. आणि जयरामबुवानं तोंड बाजूला करून किंकाळी फोडली.

"सोमल आहे त्यात! अजून गेलं तर मरेन मी!"

कळवणचा म्हातारा पुढे आला. "काय म्हणालात? सोमल?" त्यानं आपल्या बायकोच्या हातातली पुडी घेतली, बघितली, आणि हात असा झटकला की जणू विंचू होता. मग एकेकानं. कुणी पुड्या फेकत होतं, कुणी बुवाला शिव्या घालत होतं, एक बाई तोंडात बोटं घालून ओकायला बघत होती. एवढ्या गोंधळात छाया मात्र जागची हलली नाही. ती आपले तळहात उलटे सुलटे करून बघत होती. मी जवळ जाऊन ते हातात घेतले. खरखरीत होते. मी तिच्या आईला म्हटलं, ताई, आत्ताच्या आत्ता नाशिकला, मी फोन करते, कुणीही अडवणार नाही तुम्हाला. कळवणच्या म्हाताऱ्यानं आपल्या जीपमध्ये त्यांना जागा दिली. मी सरांना फोन केला, मग पोलिसांना केला.

बायडाबाई ह्यातल्या कशाकडे बघत नव्हती. बुवा खाटेवर कोसळला होता आणि ती त्याच्यासमोर ओट्यावर मांडी घालून बसली होती. लोक त्याला मारायला धावले तर तिनंच हात आडवा केला. "कोणी हात लावायचा नाही. मेला तर बोलणार कोण?"

मग ती त्याला म्हणाली, "पिंकी कोण, विचारलं ना? सांगते. मन्ही पोर. अंगणवाडीत व्हती. तिला तू म्हणालास, सहन कर. तिनं सहन केलं. तू मरेन म्हणून ओरडलास, एका चिमटीला. तिला ओरडूबी दिलं नाहीस. आता तू तिचं नाव घे."

तो हात जोडून रडत होता. "बाई, माफ कर."

"माफी मागितली नाही मी. नाव घे. आणि काय केलं ते सांग."

"पिंकी," तो म्हणाला.

"पुढे."

"पिंकीला मी... सोमल चारला."

"माहीत व्हतं तुला?"

"माहीत होतं."

मी जवळ गेले, तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, मावशी, झालं. सगळ्यांनी ऐकलं. तो आत्ता बोलला ते मी फोनमध्ये रेकॉर्ड केलंय. पोलीस निघालेत. आता चला, पाणी प्या. तिनं माझा हात खांद्यावरून काढला, रागानं नाही, नुसता काढला. मळा जवळजवळ रिकामा झाला होता. देवळ्याहून गाडी यायला वेळ लागणार होता, आणि बायडाबाईला कुठेही जायचं नव्हतं.

"परत म्हण," ती त्याला म्हणाली.

त्यानं परत म्हटलं.

"परत."